प्रवेशिका भरण्याआधी

प्रिय मित्रा,

यंदा आपल्या रेडिओच्या वृत्त विभागातून पुरस्कारासाठी काय पाठवायचं, हे तू ठरवणार आहेस. त्यासाठीच हे पत्र.

पहिला मोह होईल तो मोठ्या घटनेचा. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. अशा रात्रीचं ध्वनिमुद्रण सगळ्यांकडेच असतं: पाण्याचा लोंढा, बोटीचं इंजिन, घाबरलेला माणूस. त्यापेक्षा सहा महिन्यांनी त्याच घरात परत जा. भिंतीवर ओल कुठवर आहे, पंचनाम्यात काय लिहिलं, मदत हातात किती पडली, हे विचारून केलेली सात मिनिटं परीक्षकाच्या कानात राहतात. एका दिवसात शंभर प्रवेशिका ऐकणाऱ्या माणसाला पाण्याचा आवाज नवा नसतो. ओलीवर बोट ठेवून बोलणारी बाई मात्र नवी असते.

आता ध्वनीबद्दल सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडचं निम्मं काम इथेच मार खातं. नागपूरच्या मे महिन्यात मुलाखत घेताना खोलीत कूलर चालू असतो. त्याच्या मोटरची खालच्या सुरातली घरघर ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे सूर कापणारी गाळणी) लावून बरीच कमी होते. पण पंख्याच्या वाऱ्याचा सूंऽऽ आवाज बोलण्याच्याच पट्ट्यात पसरलेला असतो, तो कापायला गेलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा ऐकू येतो. कूलर बंदच करावा लागतो. म्हणून सकाळी सातला जा, म्हाताऱ्या माणसाला दुपारच्या उकाड्यात आपल्या सोयीसाठी बसवू नकोस. माइक तोंडापासून एक वीतभर, जरा बाजूला धर, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटत नाहीत. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइलवर ठेव आणि आवाजाची टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहू दे. बोलणं संपलं की कुणालाही हलू न देता एक मिनिट खोलीची शांतता मुद्रित कर. संपादन करताना दोन वाक्यांमधला सांधा झाकायला तीच लागते. व्हॉट्सॲपवरून आलेला बाइट, म्हणजे बोलण्याचा मुद्रित तुकडा, बातमीपत्रात एखाद वेळी चालून जातो, प्रवेशिकेसाठी मूळ फाइलच मागव.

हे सगळं आधीच करावं लागतं, कारण बहुतेक स्पर्धांत काम जसं प्रसारित झालं तसंच पाठवायचं असतं. अमेरिकेत रेडिओ-टीव्हीच्या बातम्यांसाठी १९७१ पासून दिल्या जाणाऱ्या एडवर्ड आर. मरो पुरस्कारांतही हेच पाहतात. त्या पुरस्कारांची आणखी एक गोष्ट मला न्याय्य वाटते: लहान आणि मोठ्या बाजारपेठेतली केंद्रं वेगवेगळी तोलली जातात आणि प्रादेशिक फेरी जिंकलेलं काम राष्ट्रीय फेरीत जातं. आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, त्यामुळे रेडिओ-बातमीची ही जबाबदारी आकाशवाणीवर जास्त येते. एखाद्या सामुदायिक रेडिओवर मैत्रीण असेल तर तिला राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कारांची आठवण कर.

भाषेचं सांगतो. माणूस 'काय करून राहिला' म्हणाला तर संहितेतही तेच लिही. त्याचं वाक्य प्रमाण मराठीत सुधारलंस तर मुद्रित आवाज आणि कागद जुळत नाहीत, आणि ते त्याचं बोलणंही उरत नाही. परीक्षक हिंदी किंवा इंग्रजी भाषक असतील तर शेजारच्या रकान्यात अनुवाद दे आणि प्रत्येक बाइटसमोर मिनिट-सेकंद टाक.

ज्याची ओळख लपवायची आहे त्याचा आवाज यंत्रानं जाड-बारीक करून भागवू नकोस, तो परत मूळ रूपात आणता येतो. त्याचे शब्द दुसऱ्याकडून वाचून घे आणि तसं श्रोत्यांना स्पष्ट सांग. मागे सिनेमाचं गाणं लावू नकोस. त्याच्या हक्कांचा प्रश्न येतो आणि प्रवेशिका बाद होऊ शकते.

सोबतच्या टिपणात 'हृदयस्पर्शी' वगैरे शब्द नकोत. काय बदललं ते लिही, तेही कागद असेल तेवढंच. बातमीनंतर नाली दुरुस्त झाली, हे तारखेसह लिहिता येतं. 'आमच्या बातमीमुळे झाली' हे आदेशात तसा उल्लेख असेल तरच लिही.

प्रसारणाच्या दिवशीच एक फोल्डर कर: प्रसारित फाइल, संहिता, तारीख-वेळ, काम केलेल्या सगळ्यांची नावं, तंत्रज्ञासकट. रोजच्या प्रसारणाचं मुद्रण अनेक ठिकाणी ठरावीक दिवसांनी पुसलं जातं, मग जानेवारीत शोधाशोध सुरू होते.

पाठवण्याआधी फाइल एकदा हेडफोनवर आणि एकदा साध्या मोबाइलच्या स्पीकरवर ऐक. पहिल्या तीस सेकंदांत माणूस किंवा जागा ऐकू आली नाही, नुसतं निवेदनच चालू राहिलं, तर ती बाजूला ठेव आणि दुसरी निवड.

तुझा,
वृत्त विभागातला जुना सहकारी