साडी, ओढणी आणि तुझा वर्ग

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

रुजू झालीस त्याच आठवड्यात मुख्याध्यापक म्हणाले, "आपल्याकडे बाई साडीतच येतात," आणि तुला काय बोलावं ते सुचेना. तेव्हा गप्प राहिलीस हे बरंच झालं. आता शालेय शिक्षण विभागाचा १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय मिळवून नीट वाच. शिक्षिकांसाठी त्यात साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता, दुपट्टा असं लिहिलं आहे. जीन्स आणि टी-शर्ट नको, हेही आहे. प्रत घेऊन सरांना शांतपणे विचार, "साडीच हवी असेल तर तसं लेखी द्याल का?" चालत आलेली रीत आणि लेखी नियम यांची आपल्याकडे सतत गल्लत होते, आणि तिची किंमत बाईमाणूस मोजतं.

खरोखरच मोजतं. शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं तुला १६,००० रुपये मानधनावर काढायची आहेत. त्यातून खोलीचं भाडं, एसटीचा पास, वर रोजच्या साड्या, फॉल-पिको, ब्लाऊजची शिलाई, इस्त्री. पुरुष शिक्षकांचा विषय शर्ट आत खोचला की संपतो.

कुणी परंपरेचं नाव काढेल. आज जिला शालीन म्हणतात ती गोल पाचवारी पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरांत रुळली ती विसाव्या शतकात. त्याआधी कासोटा घातलेली नऊवारी हीच रीत होती. बिनकासोट्याच्या नेसण्याला विकच्छ म्हणून नाकं मुरडली जात. सोवळ्यातल्या स्वयंपाकाला ते चालत नसे. आणि त्याच घरांमध्ये नवरा गेला की बाईचं केशवपन करून तिला तांबडं आलवण नेसवत. अंगभर नेसलेल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या त्या बायकांनाही बोल चुकले नाहीत. म्हणून सांगते, नीट कपडे घातले की लोक गप्प बसतील, या आशेवर राहू नकोस. खाली बसून मुलांची पाटी बघता येईल, मैदानावर धावता येईल, असं काहीतरी घाल. साडी आवडते तुला, ठाऊक आहे मला. मनात येईल तेव्हा हौसेनं नेस.

पण मला खरी काळजी तुझ्या वर्गातल्या मुलींची आहे. सहावी-सातवीत मुलीच्या खांद्यावर ओढणी येते, दोन्हीकडे पिना लागतात, आणि कालपर्यंत खो-खोत सूर मारणारी पोर कडेला उभी राहून दप्तरं सांभाळू लागते. "ओढणी सावर", "नीट बस" हे तिला सगळ्यांत जास्त ऐकवतो आपण बायकाच. स्टाफरूममध्ये तुला बोलणी बसली की ती नकळत वर्गात उतरतील. तिथे जीभ आवर. एखाद्या मुलाने मुलीच्या कपड्यांवरून शेरा मारला तर बोलायचं ते त्याच्याशी. तिला बाजूला घेऊन समजावत बसू नकोस.

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक कधी आहे ते विचारून घे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. खेळाच्या तासाला मुलींना ट्रॅकपँट आणि बिनओढणीचा सदरा चालावा, हा विषय तिथे मांड. आधी दोन-तीन आयांना घरी जाऊन भेट. त्यांच्यातली एखादी कधीकाळी कबड्डी खेळलेली असेल, तिलाच बोलू दे.

बैठकीत काय ठरलं ते कळव.

तुझ्या बाई