पावडर, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फात माझे ९० सेंमीचे स्कीबोर्ड (दोन्ही पायांत घालायच्या आखूड स्की) बुडतात. वजन ८० किलो आहे. वेगवेगळ्या पावडरसाठी कोणते बोर्ड घ्यावेत?

आधी क्षेत्रफळ बघा, लांबी नंतर. बोर्डाची पुढची, मधली आणि मागची रुंदी मिळवून तीनने भागलं की सरासरी रुंदी अंदाजे कळते. ९० सेंमी लांब आणि सरासरी १० सेंमी रुंद जोडीचं क्षेत्रफळ १८०० चौरस सेंमी भरतं, टोकांची गोलाई वजा केली तर थोडं कमीच. त्यावर तुमचे ८० किलो टाकले की दर चौरस सेंमीला सुमारे ४४ ग्रॅम भार येतो. ११० सेंमी लांब, सरासरी १४ सेंमी रुंद जोडीवर हाच भार २६ ग्रॅमवर उतरतो. लांबी वाढली जेमतेम २० सेंमी. जास्त काम रुंदीने केलं. बूट, कपडे आणि पाठीवरच्या पिशवीचं वजनही हिशोबात धरा, ते सहज ८-१० किलो होतं.

आता बर्फाचा प्रकार. हातमोज्यात मूठभर बर्फ घेऊन दाबा. गोळा होतच नसेल, बोटांतून भुरभुरत असेल, तर ती कोरडी पावडर. तिच्यात आधार कमी, त्यामुळे क्षेत्रफळ जितकं जास्त तितकं बरं. पण नुसतं रुंद असून भागत नाही, पुढचं टोक वर उचललेलं हवं, म्हणजे रॉकर. सपाट टोक बर्फाखाली गेलं की वरचा बर्फ त्याला आणखी खाली दाबतो, आणि छोट्या बोर्डावर तुमच्या पुढे सावरायला फारसं लाकूड उरलेलं नसतं. माणूस थेट तोंडावर पडतो.

गोळा घट्ट होत असेल तर बर्फ ओलसर, जड आहे. यात बुडण्यापेक्षा अडकण्याचा त्रास जास्त. मऊ टोक वाकतं, एकदम ब्रेक लागल्यासारखं होतं. इथे जरा ताठ बोर्ड घ्या. पुढे फार फुगलेलं टोकही इथे नको, ते बर्फात अडकून बोर्ड नको तिथे वळवतं. शिवाय ओला बर्फ तळाला चिकटतो. उबदार तापमानाचं मेण लावलं नसेल तर महागडा बोर्डही मध्येच थबकतो.

१०-१५ सेंमी ताजा बर्फ आणि खाली टणक थर असेल तर तुमचे ९० सेंमीचेही चालतील, फक्त पायाखाली कॅम्बर (मधला भाग किंचित वर उचललेला बाक) आणि धारदार कडा हव्यात. पूर्ण रॉकरवाला बोर्ड इथे टणक थरावर मधल्या भागानेच टेकतो आणि भोवऱ्यासारखा फिरू बघतो. वर पापुद्रा आणि खाली भुसभुशीत असेल तर मात्र कुठलाच छोटा बोर्ड सुखाचा नाही, तो उतार सोडून द्या.

एकच जोडी घ्यायची असेल तर मी १०५ ते ११० सेंमी, मधली रुंदी ११.५ ते १२.५ सेंमी, टोकांना रॉकर आणि पायाखाली हलका कॅम्बर, असं सुचवेन. यंत्राने दाबलेल्या उतारावरच रोज जाणार असाल तर इतकी रुंदी नको. एका कडेवरून दुसरीवर जायला वेळ लागतो आणि गुडघे बोलतात.

बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला जखडणारी पकड, १ ते २ सेंमी मागे सरकवून बघा. छोट्या बोर्डावर एक सेंमीही जाणवतो. त्याहून मागे नेलं तर टणक बर्फावर पुढची कड पकडत नाही. मागे बसून टोक वर ठेवायचा मोह आवरा, मांड्या भरून येतात आणि वळण हातातून जातं. भार दोन्ही पायांवर सारखा, पाय एकमेकांजवळ. एकाच पायावर रेललात की तो बोर्ड खाली जातो. वेगही जरा जास्त ठेवावा लागतो, त्यामुळे सपाट पट्ट्यात थांबू नका.

बाइंडिंगच्या बाबतीत मी हट्टी आहे: खोल बर्फात सुटणारंच, म्हणजे पडल्यावर बूट आपोआप सोडणारंच घ्या. न सुटणाऱ्या बाइंडिंगमध्ये टोक रुतून पुढे पडलात तर सगळा जोर बुटाच्या वरच्या काठावर, नडगीच्या हाडावर येतो. सुटणारं घेताना त्याचा ब्रेक (बूट सुटला की खाली उतरून बोर्ड थांबवणारे दांडे) बोर्डाच्या मधल्या रुंदीपेक्षा काही मिमी रुंद आहे ना, ते मोजा. १२.५ सेंमीच्या बोर्डावर अरुंद ब्रेक खाली उतरतच नाही, कडेवर अडकतो.

सुटलेला छोटा बोर्ड पावडरखाली गडप होतो, तिथे ब्रेकचा उपयोग नाही. दीडेक मीटरची भडक रंगाची फीत बोर्डाला बांधून पँटच्या पायात खोचून ठेवा. बोर्ड सुटला की फीत बाहेर येते आणि माग लागतो. बोर्ड पायाला बांधून ठेवणारा पट्टा मात्र हिमस्खलनाची शक्यता असलेल्या उतारावर वापरू नका, बर्फ घसरला तर तोच बोर्ड नांगरासारखा खाली ओढतो.