पहिला माहितीपट राष्ट्रीय पुरस्काराला पाठवताना
पहिला माहितीपट पुरा केलास, मनापासून अभिनंदन! राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या नॉन-फीचर (माहितीपट, लघुपट वगैरेंच्या) विभागात दिग्दर्शनासाठी वेगळा पुरस्कार असतो. जरूर पाठव. सुरुवातीला एवढंच सांभाळ:

१. सेन्सॉर प्रमाणपत्राची तारीख. पुरस्कारासाठी १ जानेवारी ते ३१ डिसेंबर हे वर्ष प्रमाणपत्राच्या तारखेवरून धरतात, शूटिंगवरून नाही. प्रमाणपत्रासाठी डिसेंबरची वाट बघू नकोस, लांबलं तर पुढचं वर्ष लागतं; माझा एक माहितीपट असाच वर्षभर मागे पडला.

२. इंग्रजी सबटायटल्स जाणकाराकडून करून घे.

३. निवेदन कमी कर. नवखे हमखास इथेच चुकतात. आजी चुलीत फुंकणीने जाळ करतेय ना, मग "गावचं जीवन खडतर आहे" हे वाक्य कशाला? तो फुंकरीचा आवाज दहा सेकंद तसाच राहू दे. दिग्दर्शक तिथे दिसतो.