परीक्षेच्या टेन्शनमध्ये स्टोइक विचार खरंच कामी येतात का?

हो येतात, पण स्टोइक म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांचा जो पंथ, त्याचा मन दगडासारखं करायचं असा अर्थ लावू नका, तिथेच बरेच जण चुकतात. एपिक्टेटस हा स्टोइक तत्त्वज्ञ गुलाम म्हणून जन्मला, त्याचं मूळ म्हणणं एवढंच की काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. आता नागपुरात मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, त्यावर चिडून काय होणार, पण कामं सकाळीच उरकणं, बाहेर निघताना दुपट्टा बांधणं हे तर जमतं ना. एमपीएससीचंही तसंच, जाहिरात कधी निघेल, कटऑफ किती लागेल यात रात्र घालवून नका राहू, आजचं वाचन झालं का ते बघा. अन् सेनेका हा रोमन स्टोइक रोज रात्री दिवसभराच्या वागण्याची स्वतःच झडती घ्यायचा, ते तर नक्की करून पाहा, वहीत दोन ओळी लिहिल्या तरी पुरे.