पक्षीपालन: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: गच्चीवर ८ बाय ६ फुटांची जाळीची खोली केलीय, आत कुंड्यांमध्ये बांबू, जास्वंद आणि गवती चहा आहे. झेब्रा फिंच या छोट्या पक्ष्यांच्या चार जोड्या आणि बेंगाली फिंचची एक जोडी, घरट्यांसाठी आठ मडकी टांगलीत. झेब्रा वर्षभर अंडी घालतात पण अंड्यांवरच परत गवत आणून टाकतात आणि पिल्लं निघतच नाहीत. मडकी काढावीत तर रात्री झोपणार कुठे याची काळजी वाटते. काय करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर: मडकी काढायचीच, पण आत्ता अंडी-पिल्लं असतील तर ती वाढेपर्यंत थांबा. झेब्रा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळांवरचा, पाऊस पडून गवताला बी धरलं की लगेच घरट्याच्या मागे लागणारा. आणि हा पक्षी नुसता अंड्यांसाठी घरटं वापरत नाही, रिकाम्या घरट्यात रात्री झोपतोसुद्धा. तुमच्याकडे राळं, पाणी, मडकं, गवत सगळं बारा महिने हजर, मग त्याच्या दृष्टीने सुगी संपतच नाही. झोपायला म्हणून आत शिरलेली जोडी दुसऱ्या आठवड्यात अंड्यावर बसलेली दिसते. एका वेळेला चार ते सहा अंडी, तीही सतत, म्हणजे मादीच्या अंगातलं कॅल्शियम संपत जातं आणि एखादं अंडं पोटातच अडकलं की ती वाचणं कठीण.

आता गवताचं. सकाळी अर्धा तास शांत बसून नराकडे बघा, स्वतःपेक्षा लांब काडी एका टोकाला चोचीत धरून येतो, मडक्याच्या तोंडाला ती आडवी अडकते, मागे सरकतो, मान वाकडी करतो, परत घुसवतो. अंडी आली तरी ही सवय थांबत नाही, सामान मिळतंय तोवर तो आणतच राहतो, खालची अंडी गवताखाली गाडली जातात आणि गार पडतात, वर नवीन थर. तुमच्याकडे तो बहुतेक गवती चहाची वाळलेली पाती ओढत असणार, ती आधी कापून टाका. पुढे परत मडकी लावाल तेव्हा चारही जोड्यांची एकाच दिवशी, एकाच उंचीवर लावा, काथ्या आणि वाळलं गवत तेव्हाच द्या आणि पहिली अंडी दिसली की खाली पडलेली काडी न् काडी उचला. सुतळी, कापूस, केस अजिबात देऊ नका. माझ्याकडे एका पिल्लाच्या पायाला सुतळीचा धागा गुंडाळला गेला, मी बघेपर्यंत बोट काळं पडलं होतं, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

अंडी साधारण १२ ते १४ दिवसांत फुटतात, तीन आठवड्यांच्या सुमारास पिल्लं बाहेर पडतात, पण स्वतः नीट खायला महिन्याच्या वर लागतो, तोवर मडकं राहू दे कारण पिल्लं रात्री त्यातच परत येतात. अशी दोन वेतं झाली की सगळी मडकी उतरवायची आणि निदान तीन-चार महिने लावायची नाहीत. पहिल्या दोन संध्याकाळी ते रिकाम्या हुकाभोवती घिरट्या घालतील, बघवत नाही पण धीर धरा, मग दाट बांबूतल्या एकाच फांदीवर एकमेकांना चिकटून ओळीत बसतील. त्या कोपऱ्यावर छप्पर हवं आणि वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री, थंडीत तर हवीच. रात्री एक अगदी मंद दिवा असू द्या, नाहीतर मांजर जाळीवर आलं की अंधारात घाबरून जाळीवर आपटतात.

बेंगालीला मात्र वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा असं माझं स्पष्ट मत आहे, त्यांना सगळ्यांनी मिळून घरट्यात कोंबून झोपायला आवडतं आणि त्यांच्यासाठी ठेवलेलं एक मडकं झेब्रा पहिल्याच दिवशी बळकावणार.

प्रश्न: आमच्या ज्वारीत मनोल्या (मुनिया, दाणे खाणारे छोटे पक्षी) येतात, चार-पाच पकडून अशाच जाळीच्या खोलीत सोडल्या तर राहतील का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर: नाही, कृपा करून पकडू नका. आपल्याकडच्या रानातल्या मनोल्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, पकडणं आणि पाळणं दोन्ही गुन्हा. बांधावरच्या बाभळीत त्या गवताचा गोल गोळा करून घरटं बांधतात, बाजूला तोंड असलेला. बांधावरचं थोडं उंच गवत आणि ती बाभळ तेवढी तोडू नका, पावसाळ्यात लांबून बघायला मिळेल.