दोघांनाही वीस टक्केच, मग पैसे एकालाच का?

प्रश्न : सुभेदारसाहेब, मी रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून पॉवर प्रेसवर होतो. पगार 15 हजार. गेल्या वर्षी उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेली. दिव्यांग दाखल्यावर 20 टक्के आले आणि एका कार्यालयातून ‘40 च्या खाली काही मिळत नाही’ म्हणून परत पाठवलं. माझे थोरले बंधू 2018 मध्ये तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. तोफांच्या आवाजानं त्यांचे कान गेले. त्यांनाही 20 टक्केच, पण त्यांना दरमहा पैसे येतात. दादांचा हेवा नाही, पण हा न्याय कुठला?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : हेवा थोडा आहे, आणि असला तरी बिघडत नाही. फौजेत मी लिपिक होतो. या टक्क्यांवरून सख्ख्या भावांत धुसफूस झालेली पुष्कळ पाहिली. दोन्ही कागदांवर वीसच लिहिलंय, पण ते मोजणाऱ्यांचा सवालच वेगळा आहे.

फौजेचं मेडिकल बोर्ड आधी विचारतं, दुखणं नोकरीमुळे झालं का, किंवा नोकरीत वाढलं का? ‘हो’ असेल आणि टक्केवारी किमान 20 असेल, तर निवृत्त जवानाला नेहमीच्या पेन्शनवर अपंगत्वाचा वेगळा भाग मिळतो. ‘नाही’ असेल तर कान साठ टक्के गेले तरी तो भाग नाही. या ‘नाही’पायी कितीजण कोर्टात गेले! शेवटी 2013 मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर संशयाचा फायदा जवानाला द्यायचा.

तुमच्या दिव्यांग दाखल्याला कारणाशी घेणंदेणं नाही. जन्मतः असो, लोकलमधून पडून असो, 2016 च्या कायद्यात बहुतेक सवलतींसाठी 40 टक्के लागतात. पैशाची मदत तर त्यातही गरिबीला बांधलेली. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे दीड हजारांचे 2025 मध्ये अडीच हजार झाले, पण उत्पन्नाची अट आहेच. म्हणजे त्या कार्यालयानं खोटं काही सांगितलं नाही. ज्या दारात जायला हवं होतं ते मात्र दाखवलं नाही, याचा मला राग आहे.

ते दार कामगार विम्याचं, म्हणजे ईएसआयचं. तिथे मोजतात ती कमाईची ताकद किती गेली ते. एका हाताची दोन बोटं पूर्ण गेली तर कायद्याच्या तक्त्यात 20 टक्के, तीन गेली तर 30. इथे चाळिसाची अट नाही. हिशेब असा : 15 हजार पगार म्हणजे रोजचे 500, त्याचे 90 टक्के 450, आणि त्याचे 20 टक्के 90 रुपये रोज. महिन्याला साधारण 2,700, तेही जन्मभर. उद्या दुसरीकडे कामाला लागलात तरी बंद होत नाहीत.

पगाराची जुनी चिठ्ठी काढा. ईएसआयची 0.75 टक्के कपात, म्हणजे 15 हजारांवर 113 रुपये, दिसते का पाहा. ठेकेदारानं हप्ता भरला नसला तरी घाबरू नका. कारखाना ईएसआयखाली येत असेल आणि पगार 21 हजारांच्या आत असेल, तर कामावरच्या इजेसाठी हप्त्यांची अट लागत नाही. पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. अपघाताचा अहवाल मालकानं पाठवला होता का, हे ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारा आणि मेडिकल बोर्डासाठी अर्ज द्या. मालक तोंडी काहीही सांगेल, तुम्ही पोच घ्या. कारखाना ईएसआयखाली येतच नसेल, तर मालकाकडून एकरकमी भरपाई मागता येते. त्यासाठी कामगार भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडे अर्ज करा.

आता दादांचं. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाचे 30 टक्के, असा फौजेचा हिशेब. युद्धातली जखम असेल तर 60. वेतन 40 हजार धरलं तर शंभराला 12 हजार, विसाला 2,400. म्हणजे तुमच्या 2,700 पेक्षा कमीच की! पण 50 च्या आतलं अपंगत्व 50 धरावं असा नियम आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 10 डिसेंबर 2014 च्या राम अवतार निकालानं तो मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही लागू झाला. तसं झालं तर दादांचे 6 हजार होतात. त्यांच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, 20 आहे की 50, ते बघा. 20 च असेल तर ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून नाशिकच्या तोफखाना अभिलेख कार्यालयाला अर्ज करायला सांगा, आणि तिथून नकार आला तर तो लेखी घेऊन सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे जा.