चँडलरने दोनदा सोडलेली नोकरी

‘मित्र मार्गी लागले, मीच जागच्या जागी आहे, नोकरी सोडून देऊ का?’ हा प्रश्न समुपदेशनात तिशी ओलांडलेल्यांकडून सतत येतो. खालच्या उदाहरणात ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पुण्यातला ३३ वर्षांचा तरुण. विम्याचे दावे तपासायचं काम, शिफ्ट अमेरिकेच्या वेळेची. कॉलेजच्या चौघांपैकी एक कॅनडात, एकाचा फ्लॅट झालेला, तिसऱ्याला मुलगी झालेली. याला व्हिडिओ एडिटिंग करायचं होतं. पहाटे घरी येऊन ‘फ्रेंड्स’ या अमेरिकन विनोदी मालिकेचे दोन भाग बघायचे आणि मग झोपायचं, हा नेम. पहिल्याच भेटीत म्हणाला, "चँडलरनेही तिशीनंतर सोडलीच की नोकरी!"

"कितव्यांदा?" असं विचारल्यावर गप्प झाला.

१९९४ ते २००४ चाललेल्या या मालिकेत सहा मित्रांपैकी एक असलेला चँडलर डेटाची तीच नोकरी दोनदा सोडतो. पहिल्या सीझनमध्ये बढती मिळते, तेव्हा आपण इथेच कायमचे अडकणार या भीतीने. कलचाचण्या देतो, तर निकाल येतो की तुम्ही मोठ्या कंपनीत डेटा प्रोसेसिंगसाठीच योग्य! साहेब पगार वाढवतात, स्वारी परत. दुसऱ्यांदा नवव्या सीझनमध्ये, ऐन नाताळात न्यूयॉर्कच्या घरापासून दूर, तल्सा शहरातल्या ऑफिसात अडकल्यावर. या वेळी तो जाहिरात क्षेत्रात बिनपगारी उमेदवारी करतो, वयाने बऱ्याच लहान मुलांबरोबर. तोवर त्याची बायको मोनिका मुख्य शेफ आहे, म्हणजे घरात एक पगार चालू आहे. विनोदी मालिकेत हे सगळं हशांमध्ये उरकतं, म्हणून नजरेतून सुटतं.

अशा वेळी आधी झोप, भूक आणि मन बघायचं. दोन आठवडे सलग उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, तर राजीनाम्याचा विषय बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं. इथे तसं नव्हतं.

मग नोंदवही. कामाचे १० दिवस, रोज एकच ओळ: आज सगळ्यात नकोसा क्षण कोणता? दहापैकी सहा ओळी झोपेच्या आणि रात्रीच्या कॉलच्या निघाल्या, दोन टीम लीडरच्या. प्रत्यक्ष कामाचा वैताग दोनच दिवस. आणि एडिटिंग? वर्षभरात दोनदा, तेही मित्रांच्या लग्नाचे व्हिडिओ, फुकट.

पैशांचा हिशेब कागदावर मांडला. शिल्लक २,६०,०००. आजारपण आणि विम्याच्या हप्त्यासाठी ५०,००० बाजूला. महिन्याचा खर्च ३८,०००. म्हणजे साडेपाच महिने. तो ‘वर्षभर निघेल’ धरून बसला होता. शिवाय आईवडील कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आणि वडिलांना मधुमेह. नवीन पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला प्रतीक्षा काळ असतो, त्यामुळे ही चौकशी कव्हर संपायच्या आधीच करायची असते. बहुतेकांना हे राजीनामा दिल्यावर आठवतं.

पुढचे सहा शनिवार प्रयोगाचे. अट एकच: अनोळखी माणसाचं, पैसे घेऊन, तारखेला द्यायचं काम. एका क्लासचा तीन मिनिटांचा व्हिडिओ मिळाला, ४,००० रुपयांना. किती वेळा बदल करून देणार हे आधी ठरवलं नाही आणि चौथ्या दुरुस्तीला तो वैतागला. पण पाचवीही करून दिली, आणि ती करताना घड्याळाकडे लक्ष गेलं नाही, असं त्याने आपणहून सांगितलं. कुठल्याही कलचाचणीपेक्षा ही नोंद जास्त भरवशाची.

मित्रांचं मात्र अवघड होतं. ग्रुपवर तो ‘अभिनंदन भावा’ टाकायचा आणि फोन उलटा ठेवायचा. मालिकेतले सहाजण दहा वर्षं एकाच सोफ्यावर भेटतात, कारण सोफा सेटवर आहे. खऱ्या मित्रांच्या मुली रात्री रडतात. ग्रुपवर मन मोकळं करायला गेलं की लिंक आणि सल्ले येतात. म्हणून एकालाच फोन, आणि सुरुवातीलाच सांगायचं, ‘सल्ला नको, फक्त ऐक.’ त्याने कॅनडावाल्याला लावला. तो तिकडे आठ महिने गोदामात खोकी उचलत होता, हे ग्रुपवर कुणालाच माहीत नव्हतं.

सहाव्या भेटीपर्यंत त्याने दिवसपाळीसाठी अर्ज केला होता. राजीनाम्याचं पत्र अजून ड्राफ्टमध्येच आहे, आणि दुसऱ्या क्लासला पाठवलेल्या दरपत्रकात ‘दोनच दुरुस्त्या’ ही ओळ ठळक आहे.